बैल गाडीला ओढतो आणि गाडी बैलाला, मग गाडी पुढे जाते कशी?

एका आईने विचारलं आहे: "माझी मुलगी नववीत आहे. न्यूटनचे तिन्ही नियम तिला तोंडपाठ आहेत. पण परवा ती म्हणाली, बैल गाडीला जेवढ्या बलाने पुढे ओढतात तेवढ्याच बलाने गाडी बैलांना मागे ओढत असेल, तर दोन्ही बलं एकमेकांना खाऊन टाकतील आणि गाडी जागची हलणारच नाही. मला उत्तर देता आलं नाही. हे तिला कसं समजावू? आणि रोजच्या जगण्यातलं काय दाखवलं तर हे नियम तिला नीट कळतील?"

तुमच्या मुलीने अगदी मुळालाच हात घातला आहे, तेव्हा आधी तिची पाठ थोपटा. मी एकतीस वर्षं आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवलं. तिसरा नियम, म्हणजे प्रत्येक बलाला तेवढंच आणि उलट दिशेचं बल असतं हा, शब्द न् शब्द लिहिणारी मुलं दरवर्षी भरपूर असायची. हा नियम खरा असेल तर जगात काही हलतंच कसं, असं विचारणारं मात्र एखादंच. खुद्द न्यूटननेही 1687 साली आपल्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात तिसरा नियम मांडल्यावर त्याखाली जो खुलासा दिला, त्यात दोरीने दगड ओढणारा घोडा आहे. घोडा दगडाला ओढतो तसा दगडही घोड्याला तेवढाच मागे ओढतो, असं तो म्हणतो. म्हणजे जिथे थांबून विचार करायला हवा, नेमकी तिथेच तुमची मुलगी थांबली आहे.

तिला एकच प्रश्न विचारायची सवय लावा: हे बल कुणावर? बैलांनी लावलेलं बल गाडीवर आहे. गाडीने लावलेलं बल बैलांवर आहे. दोन बलं एकमेकांना संपवतात ती एकाच वस्तूवर असली तर. माझ्या खात्यात हजार रुपये जमा झाले आणि तुमच्या खात्यातून हजार वजा झाले, तर बेरीज शून्य येते. पण म्हणून माझ्या खात्यात काही आलंच नाही, असं आपण म्हणत नाही. खाती वेगळी आहेत. बलांचंही तसंच. प्रत्येक वस्तूचं खातं वेगळं मांडायचं.

आता वहीची दोन पानं घ्या. एका पानावर फक्त गाडी काढायची, दुसऱ्यावर फक्त बैल. आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून ठरवून घेतो. गाडी मालासकट 1000 किलोग्रॅम, बैलजोडी मिळून 800 किलोग्रॅम.

गाडीचं पान. जू गाडीला 600 न्यूटन (न्यूटन हे बल मोजायचं एकक) बलाने पुढे ओढतं. चाकांखालची माती 500 न्यूटन बलाने मागे खेचते. उरले पुढच्या दिशेने 100 न्यूटन. त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर, तो मिळतो बलाला वस्तुमानाने भागून: 1000 किलोग्रॅमच्या वस्तूवर 100 न्यूटन म्हणजे त्वरण 0.1 मीटर प्रति सेकंद वर्ग. गाडी हळूहळू वेग घेऊ लागली.

बैलांचं पान. जू त्यांच्या मानेवर मागच्या दिशेने 600 न्यूटन लावतं. तुमच्या मुलीला खटकलेलं बल हेच. पण बैल खुरांनी जमिनीला मागे रेटत आहेत, समजा 680 न्यूटन बलाने. तेव्हा जमीन त्यांना 680 न्यूटनने पुढे रेटते. 680 मधून 600 गेले, उरले 80. 800 किलोग्रॅमवर 80 न्यूटन म्हणजे पुन्हा त्वरण 0.1. दोन्ही पानांवर उत्तर एकच आलं, आणि यायलाच हवं, कारण गाडी आणि बैल एकाच जुवाने बांधलेले आहेत.

600 हा आकडा दोन्ही पानांवर आला, एकदा पुढच्या दिशेने आणि एकदा मागच्या. तो समान आणि विरुद्धच आहे, तिसरा नियम कुठेही मोडला नाही. तरी कुणी कुणाला खाल्लं नाही.

तिचं म्हणणं एका जागी बरोबरही आहे, आणि तेही तिला सांगा. बैल आणि गाडी मिळून एकच वस्तू मानली, तर जुवातली ती दोन्ही बलं एकाच खात्यात येतात आणि खरोखरच एकमेकांना संपवतात. मग उरतात फक्त बाहेरची बलं: जमीन बैलांना पुढे रेटते ते 680 आणि जमीन चाकांना मागे खेचते ते 500. फरक 180, वस्तुमान 1800, त्वरण तेच 0.1. यातून जी गोष्ट समोर येते ती सांगताना मला दरवर्षी तितकाच आनंद व्हायचा: बैल आणि गाडी दोघांना मिळून पुढे ढकलणारं बाहेरचं बल जमिनीचं आहे. बैलांची ताकद खर्च होते ती जमिनीला मागे रेटण्यात. म्हणूनच त्याच जोडीचे खूर चिखलात घसरायला लागले की ताकद तेवढीच असूनही गाडी रुतून बसते. जमीन उलट रेटत नाही, मग गाडी हलणार कशी?

हेच रस्सीखेचीत दाखवता येतं. सहावीच्या चार किरकोळ मुली अनवाणी खरखरीत जमिनीवर आणि दहावीचे चार दणकट मुलगे मोजे घालून गुळगुळीत फरशीवर, अशी रस्सीखेच मी शाळेत दरवर्षी लावायचो. मुली जिंकायच्या. वर्गात आधी विचारलं तर सगळे सांगायचे, जो संघ दोरी जास्त जोराने ओढतो तो जिंकतो. पण हलक्या दोरीच्या दोन्ही टोकांना ताण जवळजवळ सारखाच असतो. विश्वास बसत नसेल तर दोन ताणकाटे (ओढलं की बल दाखवणारे स्प्रिंगचे काटे) एकमेकांत अडकवा आणि दोघांनी ओढा. दोन्ही काटे एकच आकडा दाखवतात. एक काटा भिंतीतल्या खिळ्याला अडकवला आणि दुसरा एकट्याने ओढला तरी तसंच. भिंतही तेवढंच ओढते. जिंकण्याहरण्याचा निकाल दोरीत लागत नाही, तो पायांखाली लागतो. म्हणून तर मुरलेले खेळाडू मागे रेलून टाचा जमिनीत रोवतात.

चालताना आपणही पायाने जमिनीला मागे रेटतो आणि जमीन आपल्याला पुढे रेटते. कोकणात पावसाळ्यात जांभ्याच्या पाखाडीवर शेवाळ धरलं की माणसं पावलं छोटी करतात, कारण तिथे जमीन फार रेटू देत नाही. होडीतून धक्क्यावर उडी मारताना होडी मागे सरकते तीही याच कारणाने, आणि अनुभवी नावाडी आधी दोर बांधून घेतो. अग्निबाणाबद्दल मात्र एक चूक अगदी मोठ्या माणसांच्याही बोलण्यात येते. तो खालच्या हवेला ढकलून वर जातो, असं वाटतं. तसं नाही. तो स्वतःच्या पोटातला वायू वेगाने बाहेर फेकतो आणि तो वायू त्याला उलट ढकलतो. हवा असण्यानसण्याचा संबंध नाही. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 चं विक्रम लँडर उतरलं तिथे हवा जवळजवळ नव्हतीच, तरी खालच्या दिशेने इंजिनं पेटवूनच त्याने आपला वेग कमी केला.

आता पहिल्या नियमाकडे येतो, कारण माझ्या अनुभवात खरा घोटाळा तिथेच असतो. तिसऱ्या नियमात मूल अडतं आणि अडलं हे त्याला कळतं. पहिल्या नियमात मूल अडलेलं असतं आणि त्याला ते कळतही नाही.

आपल्या बोलण्यात 'जोर' हा शब्द फार कामं करतो. "चेंडूत जोर उरला नाही म्हणून थांबला." "उतारावर गाडीला जोर आला." ऐकायला नैसर्गिक वाटतं, पण यातून मुलाच्या मनात असं बसतं की बल ही वस्तूच्या आत भरलेली चीज आहे, पेट्रोलसारखी, आणि ती संपली की वस्तू थांबते. बल वस्तूच्या आत नसतं. ते दोन वस्तूंच्या मधलं असतं, एकाने दुसऱ्यावर लावलेलं. धावत्या चेंडूजवळ असतो तो संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. तो आपोआप संपत नाही, कुणीतरी काढून घ्यावा लागतो. मैदानावर गवत आणि हवा तो काढून घेतात.

ही कल्पना माणसाला सहज सुचलेली नाही, म्हणून मुलांवर चिडू नये. ढकलणारा थांबला की वस्तू थांबते, हे ॲरिस्टॉटलचं मत जवळजवळ दोन हजार वर्षं टिकलं, कारण रोजचा अनुभव तेच सांगतो. गॅलिलिओने उतरणीवरून गोळे सोडून पाहिले आणि विचार पुढे नेला. एका उतरणीवरून सुटलेला गोळा समोरच्या चढावर जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत जातो. चढ कमी केला तर तीच उंची गाठायला तो जास्त लांब जातो. मग चढच काढून टाकला, जमीन सपाट आणि पूर्ण गुळगुळीत असली, तर तो थांबेल कशासाठी? घरी हे करता येतं. एकच गोटी एकाच उतरत्या फळीवरून सोडायची. खाली आधी गोधडी, मग सतरंजी, मग नुसती फरशी. गोटी दर वेळी आणखी लांब जाते. चौथी जागा आपल्या घरात नाही, पण ती आहे: 1977 साली सोडलेलं व्हॉयेजर-1 आजही सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चाललं आहे आणि त्याला पुढे ढकलणारं कोणतंही इंजिन चालू नाही.

गतीला कारण लागत नाही. गतीत बदल व्हायला कारण लागतं. पहिला नियम एवढाच आहे. वर आपण जी बैलगाडी पाहिली तिची चाल एकदा एकसारखी झाली, की गाडीवर पुढे 500 आणि मागे 500 राहतात. निव्वळ बल शून्य, आणि तरी गाडी चालली आहे. "निव्वळ बल शून्य तरी गाडी चालते?" असं मुलगी म्हणाली, तर घाई न करता तिथे थांबा. अर्धा तास गेला तरी चालेल.

पाठ्यपुस्तकातला 'जडत्व' हा शब्दही थोडा दगा देतो. 'जड' म्हणजे वजनदार, असं मुलं धरतात, आणि मग पिसाला जडत्व नाही असं लिहितात. इथला जड म्हणजे चेतन नसलेला, आपण होऊन काही न करणारा. उभं असेल तर उभं, चाललं असेल तर सरळ चालत राहणारं. वस्तुमान जास्त तर हा हट्ट जास्त, पण हट्ट सगळ्यांचाच असतो. हे सांगितलं की मुलांच्या चेहऱ्यावर फरक दिसतो.

उदाहरणांसाठी एसटीइतकी चांगली प्रयोगशाळा मला सापडलेली नाही. गाडी सुटते तेव्हा उभा माणूस मागे पडतो. त्याला मागे कोण ढकलतं? कुणीच नाही. गाडीचा तळ त्याचे पाय पुढे घेऊन गेला, अंग होतं तिथेच राहिलं. करकचून ब्रेक लागला की पाय थांबतात आणि अंग पुढे जात राहतं. आंबेनळी घाटात गाडी डावीकडे वळली की आपण उजव्या बाजूच्या माणसावर आदळतो. तेव्हा बाहेर फेकणारं एक बल आलं असं सगळे म्हणतात. रस्त्यावर उभं राहून पाहणाऱ्याला असं कोणतंही बल दिसत नाही. तुमचं अंग सरळ जायला निघालं होतं आणि गाडी वळली, इतकंच त्याला दिसतं. कंडक्टर पाय फाकवून, कमर सीटला टेकवून तिकिटं फाडतो, तो हा नियम अंगाने शिकलेला असतो.

घरातली उदाहरणं तिलाच शोधू द्या. गोधडी काठीने झोडपली की गोधडी सरकते आणि धूळ मागे राहते. कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की पातं वर धरून दांड्याचं खालचं टोक दगडावर आपटतात. दांडा थांबतो, पातं खाली येत राहतं आणि घट्ट बसतं. कॅरमच्या सोंगट्यांची चळत रचून सर्वांत खालच्या सोंगटीवर स्ट्रायकर जोरात मारा. ती निसटते आणि वरची चळत सरळ खाली बसते. मग हळू मारून पाहा. चळत कोसळते. वेगाने मारल्यावर घर्षणाला वरच्या सोंगट्या ओढायला वेळच मिळत नाही.

'वेळ' हा शब्द आला की आपण दुसऱ्या नियमात पोहोचतो. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे सूत्र मुलं पटकन वापरायला लागतात, त्यावर मी फार थांबणार नाही. पण न्यूटनने तो नियम संवेगाच्या बदलातून मांडला होता आणि रोजच्या जगण्यात तेच रूप जास्त उपयोगी पडतं. क्रिकेटचा चेंडू सुमारे 160 ग्रॅमचा. तो सेकंदाला 30 मीटर वेगाने आला तर संवेग 4.8. हात ताठ ठेवून तो सेकंदाच्या शंभराव्या भागात अडवला तर सरासरी बल 480 न्यूटन. हात मागे घेत सेकंदाच्या दहाव्या भागात थांबवला तर 48. संवेग तेवढाच, वेळ दहापट, बल दहावा हिस्सा. उंच उडीच्या गादीचं आणि काचेच्या भांड्याभोवतीच्या पेंढ्याचं कामही हेच, थांबायला वेळ मिळवून देण्याचं.

इथे मला पालकांशी दोन शब्द बोलायचे आहेत, कारण हा नियम परीक्षेपुरता नाही. कारच्या पुढच्या सीटवर आई लेकराला मांडीवर घेऊन बसते आणि म्हणते, मी घट्ट धरलंय. मूल 10 किलोग्रॅमचं, गाडी ताशी 50 किलोमीटरने चाललेली, म्हणजे सेकंदाला साधारण 13.9 मीटर. गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर मुलाला तेवढ्याच वेळात थांबवायला सुमारे 1390 न्यूटन बल लागतं. ते जवळजवळ 140 किलो वजन पेलण्याइतकं झालं. कोणत्याही आईच्या हातात, तिची माया कितीही असली, तेवढं बल नसतं. मुलासाठी वेगळी सीट आणि पट्टा लागतो तो एवढ्यासाठी. दुचाकीवरच्या हेल्मेटबद्दलही मुलांना आकड्यातच सांगा. ताशी 60 किलोमीटर हा वेग सुमारे 14 मीटर उंचीवरून पडल्यावर जमिनीपाशी येणाऱ्या वेगाइतका आहे. चौथ्या मजल्याच्या गच्चीवर उभं राहून खाली पाहा म्हणावं. हेल्मेटच्या आतलं फोमचं अस्तर चेपतं आणि डोक्याला थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो. पट्टा न लावलेला हेल्मेट मात्र स्वतःच्या जडत्वाने डोक्यावरून निघून जातो.

तिन्ही नियम एकत्र पाहायचे असतील तर वजनकाटा लिफ्टमध्ये न्या. काटा बारीक फरकही लगेच दाखवणारा असला तर बरं. मुलगी 40 किलोग्रॅमची असेल आणि लिफ्ट वर निघताना तिचं त्वरण 1 मीटर प्रति सेकंद वर्ग असेल, तर काटा क्षणभर 44 च्या आसपास जाईल. तिला वर त्वरण द्यायला काट्याला तिच्या वजनापेक्षा जास्त रेटावं लागतं, आणि ती काट्याला तेवढंच खाली रेटते. काटा दाखवतो ते हे रेटणं. मग मधल्या मजल्यांवर लिफ्ट एकसारख्या वेगाने वर जात असते तेव्हा काटा पुन्हा 40 वर येतो. इथे मुलं हमखास चुकतात. वर चाललोय म्हणजे काटा जास्तच दाखवणार, असं त्यांना वाटतं. थांबण्याआधी तो 40 च्या खाली उतरतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं मूल पहिला नियम विसरलेलं मला आठवत नाही.

शेवटी तिला एक प्रश्न घाला, पण उत्तर लगेच सांगू नका. टेबलावर पुस्तक ठेवलं आहे. पृथ्वी त्याला खाली ओढते, टेबल त्याला वर रेटतं, दोन्ही बलं समान आणि विरुद्ध आहेत. ही तिसऱ्या नियमातली क्रिया-प्रतिक्रियेची जोडी आहे का? बहुतेक मुलं हो म्हणतात, आणि काही शिक्षकही. तिला पुन्हा विचारा: बल कुणावर? दोन्ही बलं पुस्तकावरच आहेत, म्हणून ती एकमेकांना संपवतात आणि पुस्तक स्थिर राहतं. ती जोडी नव्हे. टेबल पुस्तकाला वर रेटतं त्याची जोडी म्हणजे पुस्तक टेबलाला खाली रेटतं ती. आणि पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते त्याची जोडी? ती शोधायला तिला एक रात्र द्या. पुस्तकही पृथ्वीला तेवढ्याच बलाने वर ओढत असतं. झाडावरून सुटलेला 200 ग्रॅमचा आंबा खाली येताना पृथ्वीला सुमारे 2 न्यूटन बलाने आपल्याकडे ओढतो. पृथ्वीही त्याच्याकडे निघते, फक्त तिचं वस्तुमान 6 वर 24 शून्यं इतके किलोग्रॅम असल्यामुळे ते आपल्याला कधी दिसत नाही.